‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे नेमकं किती झालंय?

प्रश्न थोडक्यात असा: कुपवाड एमआयडीसीत पस्तीस-चाळीस माणसांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांची ऑफ-सीझनची कामं जास्त, म्हणजे ज्यूस हीटर (उसाचा रस तापवणारे), टाक्या, रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या बॉड्या. प्रश्न विचारणारे तिथं प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहेत. दर शनिवारी ते रिपोर्ट काढतात. काम भराभर ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जातं आणि मग महिना-दीड महिना तिथंच बसतं. एकही वेल्डर रिकामा दिसत नाही, ओव्हरटाइम चालूच असतो, तरी डिलिव्हरी उशिरा. मालक म्हणतात, “एफिशियन्सी मोजा.” तर कुठले केपीआय, म्हणजे कामगिरी मोजायचे आकडे, ठेवू आणि कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकते: सध्या काही घेऊ नका. एक्सेल आणि भिंतीवरचा बोर्ड पुरतो. मोजायचं काय हे ठरलेलं नसताना सॉफ्टवेअर घेतलं की दोन महिने ते भरण्यात जातात, आणि पहिल्या पावसाळ्यात ते भरणारा माणूस नोकरी सोडतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ही ऑर्डर वेळेत आणि ठरल्या खर्चात होणार का, हा एक. आपल्या शॉपमधून काम सरकतं कसं आणि थांबतं कुठं, हा दुसरा. पहिला त्या ऑर्डरपुरता, दुसरा सगळ्या शॉपचा. मालकांना उत्तर हवंय पहिल्याचं. पण ‘एफिशियन्सी’ म्हणून बहुतेक ठिकाणी मोजलं जातं ते तिसरंच, म्हणजे माणसं आणि मशिनं किती वेळ हलताना दिसतात. तो आकडा सगळ्यांत सोपा मिळतो आणि डिलिव्हरीबद्दल सगळ्यांत कमी सांगतो.

मी मिरज-कुपवाड भागात प्रोसेस इक्विपमेंटच्या शॉपमध्ये प्लॅनिंगचं काम करत आलेय, त्यामुळं माझं उत्तर त्या चष्म्यातून आहे. एकच पंप किंवा एकच कास्टिंग रोज शेकड्यांनी काढत असाल तर यातलं निम्मं लागू होत नाही. तिथं सायकल टाइम आणि मशिनचा ब्रेकडाउन जास्त बोलतात. साइटवर इरेक्शन करत असाल तर पाऊस, क्रेन आणि दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं हे वेगळंच प्रकरण. तुमचं काम प्रत्येक ऑर्डरला थोडं वेगळं, पण टप्पे तेच, असं आहे असं धरून लिहिते.

पहिल्यांदा त्या नव्वद टक्क्यांचं बघू. हा आकडा येतो कुठून? सुपरवायझर जॉबकडं बघतो आणि सांगतो. शेल, म्हणजे बाहेरचं गोल कवच, रोल होऊन उभं राहिलं, ट्यूबशीट (ट्यूबा बसवायच्या भोकांच्या प्लेटा) लागल्या की डोळ्याला हीटर तयारच दिसतो. फॅब्रिकेशनमध्ये मोठं दिसणारं काम आधी होतं, किचकट काम शेवटी. ट्यूबा भरणं, एक्सपान्शन (ट्यूबची टोकं फुगवून भोकात घट्ट बसवणं), हायड्रो टेस्ट (पाण्याचा दाब देऊन गळती बघणं), टेस्टमध्ये दोन-चार जॉइंट गळणं, ते पुन्हा एक्सपांड करणं, इन्स्पेक्टरची तारीख मिळणं, यातलं काहीच लांबून दिसत नाही. सुपरवायझर खोटं बोलत नसतो. त्याला जे विचारलंय ते डोळ्यांनी मोजताच येत नाही.

म्हणून टक्के विचारणं बंद करा. टप्पे ठरवा, प्रत्येकाला वजन द्या, आणि टप्पा पूर्ण झाला तर पूर्ण वजन, नाही तर शून्य, असा नियम ठेवा. एका ज्यूस हीटरला मी साधारण असं वजन देईन: कटिंग आणि शेल रोलिंग १५, ट्यूबशीट ड्रिलिंग २०, फिट-अप (वेल्डिंगआधीची जुळणी) १०, वेल्डिंग २०, ट्यूब भरणं आणि एक्सपान्शन १५, हायड्रो टेस्ट पास १५, पेंट आणि डिस्पॅच ५. लागणाऱ्या तासांच्या हिशेबानं हायड्रोला इतकं वजन येत नाही. मी मुद्दाम वाढवते, कारण तिथपर्यंत पोचल्याशिवाय काम झालं असं कुणाला वाटू नये. त्यानं मधले आकडे थोडे कडक दिसतात. दिसू देत.

‘पूर्ण’ म्हणजे काय, हे मात्र लिहून काढावं लागतं, आणि इथं वेळ घालवा. ड्रिलिंगचंच घ्या. “भोकं पडलीत” म्हणजे ड्रिलिंग पूर्ण नव्हे. सगळी भोकं पडली, बर (भोकाच्या कडेला राहिलेली धातूची कूस) काढली, गेज लावून बघितलं आणि क्वालिटीवाल्याची सही झाली, तेव्हा २०. चारशेपैकी तीनशे नव्वद भोकं पडली असतील तर शून्य. पहिले दोन-तीन आठवडे यावर भांडणं होतात: “अहो मॅडम, दहा भोकांसाठी शून्य?” होय, शून्य. ट्यूबशीट मशिनवरच असेल तर फिटर अजून बसूनच आहे; त्याला त्या तीनशे नव्वदचा काय उपयोग? हा नियम फार कडक वाटला तर टप्पा आणखी लहान करा, पण अर्धवट मार्क देऊ नका. चार हीटर आणि प्रत्येकी सात टप्पे म्हणजे अठ्ठावीस टप्पे झाले. एवढे तुकडे असले की शून्य-शंभरच्या नियमानं चित्र फारसं बिघडत नाही.

आता यातून ऑर्डरची तब्येत कशी काढायची? यासाठी अर्न्ड व्हॅल्यू नावाची पद्धत आहे. १९६७ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं मोठ्या कंत्राटांसाठी पस्तीस निकषांची चौकट घालून दिली, तिथून ती रुळली. आपल्याला त्यातले तीनच आकडे पुरेत: आजपर्यंत किती काम व्हायला हवं होतं, किती झालं, आणि झालेल्या कामाला किती लागलं.

हे आकडे सुरुवातीला रुपयांत काढू नका, माणसांच्या तासांत काढा. आपल्या धंद्यात प्लेट आणि ट्यूब यांची किंमत बिलाच्या निम्म्याच्या आसपास सहज जाते. रुपयांत मोजलं की ट्रक गेटमधून आत आला त्या दिवशी ऑर्डर ‘निम्मी झाली’ असं दिसतं. मटेरियल आलं की नाही हे वेगळं बघा, त्याची किंमत प्रगतीत मिसळू नका.

एक हिशेब करून दाखवते, आकडे समजुतीपुरते. चार हीटरची ऑर्डर, ४,००० तास धरलेत, मुदत १६ आठवडे, आणि काम दर आठवड्याला सारखं वाटून घेतलंय. आठ आठवडे संपले. प्लॅनप्रमाणं २,००० तासांचं काम व्हायला हवं होतं. एका हीटरचे १,००० तास, म्हणजे १५ वजनाचा टप्पा १५० तासांचा; अशी पूर्ण झालेल्या टप्प्यांची वजनं मोजली तर १,५०० तासांचं काम झालंय. हजेरी आणि जॉब बुकिंगप्रमाणं १,८०० तास लागलेत. १,५०० भागिले १,८०० म्हणजे ०.८३, याला सीपीआय म्हणतात. तास मोजतो एक, पदरात पडतात त्याचे पाऊण भागाहून थोडे जास्त. याच चालीनं गेलं तर ४,००० भागिले ०.८३, म्हणजे साधारण ४,८०० तास लागणार. हे आठव्या आठवड्यात कळलं तर काही करता येतं. पंधराव्यात कळलं तर फक्त भांडता येतं.

वेळेसाठी पुस्तकं एसपीआय सांगतात, म्हणजे झालेलं काम भागिले व्हायला हवं होतं ते काम. इथं १,५०० भागिले २,००० म्हणजे ०.७५. या आकड्याला एक खोड आहे. ऑर्डर सहा महिने उशिरा संपली तरी संपल्यावर एसपीआय बरोबर १ येतो, कारण शेवटी सगळं काम झालेलंच असतं. त्यामुळं शेवटच्या टप्प्यात तो आपोआप सुधारताना दिसतो, आणि आपल्याला नेमकी तिथंच खबर हवी असते. वॉल्ट लिपके यांनी २००३ मध्ये यावर साधा उपाय सुचवला: फरक कामात न मोजता वेळेत मोजा. आज जेवढं काम झालंय तेवढं प्लॅनप्रमाणं कुठल्या आठवड्यात व्हायला हवं होतं? वरच्या उदाहरणात १,५०० तास सहाव्या आठवड्यातच व्हायला हवे होते आणि आज आठवा संपलाय. म्हणजे दोन आठवडे मागं. हीच चाल राहिली तर १६ आठवड्यांचं काम एकविसाव्या आठवड्याच्याही पुढं जाईल.

मालकांपुढं ०.७५ ठेवू नका. “दोन आठवडे मागं आहोत, आणि असंच चाललं तर बॉयलर अग्निप्रदीपनानंतर हीटर पोचतील” असं सांगा. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटतो, मग मोळी टाकायची घाई. कारखान्याचा चीफ इंजिनिअर तेव्हा फोनवर काय बोलतो हे मालकांना कुठल्याही केपीआयपेक्षा चांगलं माहीत आहे.

एक अट आहे. कारखान्याकडून मध्येच फोन येतो, “नोझल त्या बाजूला घ्या, पाइपलाइन आडवी येतीय.” हे बदल लिहून, सही घेऊन, मूळ ४,००० तासांत मिळवले नाहीत तर तुमचा सीपीआय शॉपला दोषी धरत राहील आणि खरं कारण कुठंच दिसणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजसुद्धा चालतो, पण तो ऑर्डरच्या फाइलला लागला पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, शॉपचा. माझ्या मते तुमचं दुखणं इथं आहे.

एक जॉब निवडा आणि त्याच्या मागं लागा. प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी लिहायच्या: आलं कधी, हातात घेतलं कधी, संपलं कधी, पुढं गेलं कधी. कागदाचं कार्ड जॉबला बांधलं तर ग्राइंडिंगच्या ठिणग्यांनी दोन दिवसांत त्याची जाळी होते, म्हणून पत्र्याचा तुकडा वायरनं बांधा आणि पेंट मार्करनं लिहा. घड्याळ लावून वेल्डरच्या मागं उभं राहू नका. माणूस बिथरतो आणि तसंही आपल्याला त्याचा वेग मोजायचा नाही. जॉब किती थांबला, ते मोजायचंय.

जॉब बाहेर पडला की पत्रा सोडवून हिशेब करा. समजा कटिंगपासून डिस्पॅचपर्यंत चाळीस दिवस गेले आणि त्यातले प्रत्यक्ष हात लागलेले दिवस आठ निघाले. म्हणजे जॉबच्या वेळेतला पाचवा हिस्सा काम, बाकी वाट बघणं. तुमच्यासारख्या शॉपमध्ये हे प्रमाण असं निघालं तर दचकू नका, हे नेहमीचं आहे. वेल्डर वीस टक्के जास्त वेगानं काम करायला लागला तर आठातला थोडा भाग वाचेल. बत्तीस दिवसांना कुणी हातच लावला नाही.

हे बत्तीस दिवस जातात कुठं? पत्र्यावर दिसेल. बहुतेक एका-दोन जागी ढीग असतो. तुमच्या वर्णनावरून मला रेडियल ड्रिलचा, म्हणजे ट्यूबशीटला भोकं पाडणाऱ्या मशिनचा, संशय आहे, कारण ट्यूबशीट सगळ्याच जॉबना लागते आणि अशा शॉपमध्ये मशिन एखादंच असतं. ते मशिन दिवसभर चालू असणं ही अभिमानाची गोष्ट वाटते. पण रांगेचं गणित वेगळं सांगतं. कामं कधी येतील आणि प्रत्येकाला किती वेळ लागेल याचा भरवसा नसेल, तर साध्या मॉडेलप्रमाणं ८० टक्के भरलेल्या मशिनसमोर जॉबला सरासरी आपल्या कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. तुमच्या शॉपमध्ये नेमके हेच आकडे येणार नाहीत, पण चढ असाच असतो. सगळी माणसं, सगळी मशिनं कायम गुंतलेली आणि डिलिव्हरी उशिरा, हे तुम्हाला कोडं वाटतंय. मला ते कारण वाटतं.

त्यात भर पडते ती चालू जॉबच्या संख्येची. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की सरासरी चालू जॉब म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. शॉपमध्ये अठरा जॉब उघडे आहेत आणि आठवड्याला तीन बाहेर पडतात, तर नव्या जॉबला सरासरी सहा आठवडे लागणार. वेग तोच ठेवून उघडे जॉब बारावर आणले तर चार आठवडे. एकही वेल्डर न वाढवता. नियम सरासरीचा आहे. हंगामाच्या तोंडावर कामं एकदम येतात तेव्हा तो आठवड्याच्या आठवड्याला तंतोतंत लागणार नाही. पण महिन्याभराचे आकडे घ्या, दिशा बरोबर दाखवतो.

मग शॉप इतके जॉब उघडतं कशाला? वेल्डर रिकामा बसू नये म्हणून सुपरवायझर पुढची प्लेट कापायला घेतो, हे एक कारण. दुसरं जास्त खरं आणि कुणी बोलत नाही: पैसा. ऑर्डरमध्ये कटिंग सुरू झालं की किंवा मटेरियल आलं की बिलाचा एक हप्ता मिळणार असेल, तर मालक पाचही ऑर्डरी एकदम उघडणारच. पगार द्यायचे असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हप्त्याच्या अटीच तुमच्या शॉपची रांग ठरवताहेत हे कागदावर आलं, तर पुढच्या वेळी निगोशिएशनमध्ये हायड्रो टेस्टला मोठा हप्ता बांधून घेता येतो. माझ्या अनुभवात शॉपचा वेग सुधारायला नवीन मशिनपेक्षा अशा एका ओळीचा उपयोग जास्त झालाय.

रिवर्क, म्हणजे पुन्हा करावं लागलेलं काम, वेगळं लिहा. वेल्ड दुरुस्ती, चुकलेलं माप, पुन्हा केलेलं एक्सपान्शन, या सगळ्याचे तास मूळ कामात मिसळू देऊ नका. हायड्रोला पहिल्या खेपेत किती जॉब पास झाले, एवढा एकच आकडा काढला तरी बरंच उघड होतं. कारण लिहिताना माणसाचं नाव टाकू नका, नाहीतर दुसऱ्या आठवड्यापासून शॉपमध्ये रिवर्क ‘होतच नाही’. ते गुपचूप होतं.

याच कारणानं यातल्या कुठल्याही आकड्याला निदान पहिला हंगाम इन्सेंटिव्ह लावू नका. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल जे म्हटलं ते शॉप फ्लोअरला तसंच लागू पडतं: ज्या आकड्यावर नियंत्रण ठेवायला जाल तो विश्वासाचा राहत नाही. दिवसाला किती मीटर वेल्डिंग केलं त्यावर पैसे द्या, मीटर वाढतील. पोरॉसिटीही, म्हणजे वेल्डमधली बारीक छिद्रंही, वाढेल.

हे आकडे बोर्डावर लावून थांबू नका, प्रत्येकाशी एक निर्णय बांधा. सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी शाळकरी पोरंही विचारतात, कारण ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका हे ठरलेलं आहे. कुठल्या आकड्याला सामान वर न्यायचं आणि कुठल्याला घर सोडायचं, हे पूरपट्ट्यातल्या घराघरात माहीत आहे. आणि जाणती माणसं पुलाची पातळी बघण्याआधी कोयना धरणातून विसर्ग किती सोडलाय ते बघतात, कारण ते पाणी अजून यायचंय. तुमच्या बोर्डावर दोन्ही हवं. सीपीआय, किती आठवडे मागं, हायड्रो पास, ही झाली पुलाची पातळी. कारखान्याकडं अडकलेलं ड्रॉइंग अप्रूव्हल, न आलेल्या ट्यूबा, इन्स्पेक्टरची न मिळालेली तारीख, ड्रिलसमोर थांबलेल्या ट्यूबशीट, हा विसर्ग. माझ्या बोर्डावर दुसरा भाग मोठा असतो.

निर्णय कसे बांधायचे ते तुमच्या मालकांच्या स्वभावावर आणि ताकदीवर आहे. मी साधारण असं ठेवीन: एक आठवडा मागं पडलं तर सुपरवायझर आणि तुम्ही आपसात रांग बदला. दोन आठवडे मागं, तर त्याच दिवशी मालकांकडं, आणि ड्रिलिंग बाहेर जॉबवर्कला द्यायचं की ओव्हरटाइम करायचा हे तिथंच ठरवा. ओव्हरटाइम करायचाच तर तो ढिगाच्या जागी करा. वेल्डिंगमध्ये रात्रपाळी लावून ड्रिलसमोरची रांग कमी होत नाही, उलट पुढच्या जॉबची शेलं आणखी वाढतात. सीपीआय ०.९ च्या खाली गेला तर पुढच्या कोटेशनचे तास तपासा. बऱ्याचदा शॉप हळू नसतं, कोटेशनच घाईत दिलेलं असतं.

आढावा शनिवारी पगाराच्या गडबडीत घेऊ नका. मंगळवार-बुधवारी, बोर्डासमोर उभं राहून, अर्ध्या तासात. काय अडलंय, कोण सोडवणार, कधीपर्यंत, एवढंच. खुर्च्या आणि चहा आला की मीटिंग लांबते आणि मागच्या हंगामाची उणीदुणी निघतात.

प्लॅनमध्ये जुलै-ऑगस्ट भरून टाकू नका. २०१९ आणि २०२१ चे पूर तुमच्याही लक्षात असतील. शेडमध्ये पाणी आलं नाही तरी माणसं गावाकडून येऊ शकत नाहीत आणि मटेरियलचे ट्रक रस्त्यात अडकतात. त्या दोन महिन्यांत मी मुद्दाम हात सैल ठेवते, आणि ही ढील कुठल्या एका जॉबच्या टप्प्यांत न लपवता डिलिव्हरीच्या आधी उघड लिहून ठेवते. टप्प्याटप्प्यांत लपवलेली ढील कुणीतरी खाऊन टाकतोच.

सुरुवात कुठून करावी? आत्ता चालू असलेल्या ऑर्डरींवर मागं जाऊन वजनं लावत बसू नका; त्यांच्यासाठी फक्त उरलेल्या टप्प्यांची यादी आणि तारखा काढा. पत्र्याचं कार्ड मात्र उद्यापासून पुढच्या दोन जॉबना लावा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तासांचा हिशेब पुढच्या नव्या ऑर्डरपासून. तास जॉबवार बुक होत नसतील तर आधी ते सुरू करावं लागेल, आणि ते सुरळीत व्हायला महिनाभर जाईल असं धरून चला. सुरुवातीला लोक सगळे तास ज्या जॉबचा नंबर पाठ आहे त्यावरच टाकतात.

उघडे जॉब किती ठेवावेत याचा आकडा मी आत्ता सांगत नाही, कारण तो तुमच्या हप्त्यांच्या अटींवर आणि ड्रिलवर किती काम येतं त्यावर ठरतो. सध्या किती जॉब उघडे आहेत, गेल्या तीन महिन्यांत किती बाहेर पडले, आणि कुठल्या टप्प्याला किती टक्के बिल मिळतं, एवढं कळवलंत तर आकडा मांडून देते.